मानेचा हीटिंग पॅड: आखडण्याला गुण येतो, थकव्याला नाही

मन चिंतेत असलं की मानेचे आणि खांद्यांचे स्नायू दिवसभर ताणलेलेच राहतात. खांदे नकळत कानांकडे चढतात, दातांवर दात घट्ट बसतात, श्वास छातीच्या वरच्या भागातच चालतो आणि त्याचं जास्तीचं काम पुन्हा मानेवरच पडतं. अशा आखडण्यासाठी हीटिंग पॅड जरूर घ्यावा, पण कॉलरच्या आकाराचा. चौकोनी सपाट पॅड कंबरेला उत्तम; मानेवर तो घसरतो आणि सावरायला खांदेच उचलावे लागतात.

आपोआप बंद होण्याची सोय नसेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी नको, कारण शेक घेताना डोळा लागतोच. अभ्रा काढून धुता यावा. चार्ज होणारी जेलची पिशवी आम्ही सुचवणार नाही. आधी चटका, मग लगेच कोमट. शिवाय चार्ज होताना फुटली तर आतलं कढत पाणी अंगावर येतं.

मधल्या उष्णतेवर, सुती कपड्यावरून १५ ते २० मिनिटं पुरेत. पण नुसता शेक घेतला तर खांदे थोड्या वेळात पुन्हा चढतात. म्हणून शेवटच्या ५ मिनिटांत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांच्या पद्धतीची जोड द्या: खांदे कानांकडे उचलून ५ सेकंद धरा, एकदम सोडा, २० सेकंद तसेच सैल राहू द्या. असं ५ वेळा. सगळा जोर लावला तर पेटके येतात, निम्मा पुरतो. श्वास रोखू नका. सैल खांदा कसा लागतो हे शरीराला यातूनच कळतं, आणि पॅडचा खरा उपयोग तिथेच आहे.

दुखण्याचं मलम लावून वर पॅड ठेवला तर त्वचा भाजते. मधुमेहामुळे बधिरता असेल तर वापरूच नका. रोज तासन् तास शेकल्यास त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात.

सकाळी उठल्यापासूनचा थकवा मात्र पॅडने जात नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२ तपासून घ्या. ते ठीक असेल आणि चिंता सुटत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं. चालताना खांदा किंवा जबडा दुखत असेल, सोबत छाती दडपून घाम येत असेल, तर शेकत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.