व्हॅन गॉगची सूर्यफुलं की मोनेच्या वॉटर लिली?

दोन्ही फुलांच्याच चित्रमालिका, पण लोकांच्या मनात शिरल्या त्या वेगवेगळ्या वाटांनी.

डच चित्रकार व्हॅन गॉगने ऑगस्ट १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल इथे सूर्यफुलं रंगवली ती चित्रकार मित्र गोगँ राहायला येणार म्हणून, त्याची खोली सजवायला. त्यातल्या आज लंडनमध्ये असलेल्या चित्रात तर पिवळ्या भिंतीपुढे पिवळीच फुलं, रंगाचे थर जाड, काही फुलं चक्क सुकून माना टाकलेली. एक चित्र १९४५ च्या हवाई हल्ल्यात जपानमध्ये जळालं. दुसरं १९८७ मध्ये जपानी विमा कंपनीने जवळपास ४ कोटी डॉलरना घेतलं. आज ही फुलं कप, पिशव्या, वह्या, सगळीकडे आहेत.

फ्रेंच चित्रकार मोनेने जिव्हर्नी गावातल्या आपल्या बागेच्या तळ्यातल्या लिली सुमारे २५० चित्रांत रंगवल्या. त्यातली भव्य चित्रं १९२७ पासून पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात, दोन लंबगोल दालनांत आहेत. ती छापील कागदावर कळत नाहीत. पुढच्या अमूर्त चित्रकारांना मात्र त्यांनी मोठं बळ दिलं.

चित्रकलेवरचा ठसा मोनेचा खोल, हे मान्य. तरी मला सूर्यफुलंच जवळची. ती शाळकरी पोरही ओळखतं.