बोलोन्याच्या टाइल प्रदर्शनाला स्पॅनिश-इटालियन दुभाषी घेतली, तिचा रिव्ह्यू

मी स्पेनमध्ये कास्तेयोनला ग्लेझच्या, म्हणजे टाइलवरच्या चकचकीत लेपाच्या कंपनीत सेल्सला आहे. आमची मोठी गिऱ्हाइकं इटलीतल्या सास्सुओलोची टाइलवाली, आणि सप्टेंबरात बोलोन्याला चेरसाये हे टाइलचं प्रदर्शन भरतं तेव्हा सगळी एकाच जागी सापडतात. साहेबांचं नेहमीचं पालुपद, स्पॅनिश काय नि इटालियन काय, हातवारे करून भागतं की. कॉफी पिण्यापुरतं भागतं हो, पण पेमेंट ६० दिवसांनी की ९०, शेड जुळली नाही तर माल परत नेण्याचा खर्च कुणाचा, असलं काही निघालं की दोन्हीकडून माना डोलतात आणि भांडण महिन्याभराने मेलवर सुरू होतं.

आधी एका एजन्सीकडून माणूस घेतलेला, तो मुळात इंग्रजीवाला, स्पॅनिश आपलं कामचलाऊ, वर एजन्सीचं कमिशन वेगळं. म्हणून यावेळी थेट फ्रीलान्सर शोधली. एआयआयसी (कॉन्फरन्स दुभाष्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) किंवा इटलीतल्या आइती, आस्सोइंतेरप्रेती या संघटनांच्या साइटवर मेंबरांची यादी असते. एआयआयसीच्या यादीत नावापुढे ए, बी, सी असतं ते नीट बघा. ए म्हणजे मातृभाषा, बी म्हणजे त्या भाषेतही बोलणार, सी म्हणजे फक्त समजते. स्पॅनिश सी असेल तर तुमचं बोलणं इटालियनमध्ये जाईल, पण समोरच्याचं तुमच्याकडे स्पॅनिशमध्ये येणार नाही, मग काय उपयोग! आणि शक्यतो तिथलीच बघा. फोर्लीला बोलोन्या युनिव्हर्सिटीचा दुभाष्यांचा कोर्स चालतो त्यामुळे त्या भागात चांगली माणसं मिळतात, आणि व्हॅलेन्सियाहून कुणाला न्यायचं म्हणजे विमान आलं, हॉटेल आलं, प्रदर्शनाच्या आठवड्यात बोलोन्यातल्या हॉटेलांचे रेट बघून घाम फुटतो.

आमची बाई फोर्लीचीच. आधी कॅटलॉग, रेटलिस्ट, मागच्या कराराचा मसुदा सगळं मागवून घेतलं. मीटिंगमध्ये हातात छोटी वही, माणूस बोलत असताना त्यात बाण, रेघा, खुणा काढत राहायची, पण आकडा आला की तो पूर्ण लिहायचा आणि वही फिरवून दोघांनाही दाखवायचा. साठ-नव्वदचा घोळ झालाच नाही. त्यांचा मालक एकदा चिडून काहीतरी बोलला तेही तिने जसंच्या तसं सांगितलं, गोड करून नाही, हे मला फार आवडलं.

दिवसाचा रेट म्हणजे साधारण आठ तास, आणि टेबलावर धंद्याचं बोलणं चालू असेल तर जेवणही त्यातच धरायचं. बरोबरच आहे, बिचारीचा पास्ता गार झाला. साहेबांना तिने संध्याकाळचं सेमिनार पण एकटीने कानात कुजबुजत भाषांतर करून द्यावं असं वाटत होतं, तिने सरळ नाही म्हटलं, सलग तासनतास असेल तर दोघं लागतात, वीस-तीस मिनिटांनी आलटूनपालटून.

महाग आहे, पण वसूल. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मेलला उत्तर द्यायला आठवडा लावला म्हणून, अर्थात मी मेल टाकलेला ऑगस्टमध्ये आणि तेव्हा अख्खी इटली समुद्रावर असते, तुम्ही जुलैच्या आतच उरका.