आयसीयूच्या दारापासून मातीपर्यंत: मराठवाड्यात अवयवदानाची सेवा कुठं टिकते, कुठं तुटते

"छाती हलायलीय, अंग गरम हाय, ठोके पडायलेत. मग माणूस गेला कसं म्हणता, डॉक्टर?"

आयसीयूच्या दारात हा प्रश्न येतोच. अवयवदानाच्या सेवेची खरी परीक्षा तिथंच होते. ग्रीन कॉरिडॉर (अवयव नेण्यासाठी मोकळा केलेला रस्ता), विमान, सायरन हे सगळं नंतरचं. ज्या रुग्णालयात या प्रश्नाला बसून, शांतपणे, मराठीत उत्तर मिळतं तिथं कुटुंब विचार करू शकतं. जिथं उभ्या-उभ्या दोन वाक्यांत गुंडाळलं जातं तिथं नकार येतो, आणि त्याचा दोष कुटुंबाला देता येत नाही.

यंत्रणा आधी थोडक्यात. 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, त्यातली 2011 ची दुरुस्ती आणि 2014 चे नियम, यांवर सगळं उभं आहे. राज्यात चार विभागीय समन्वय केंद्रं आहेत: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. मराठवाड्याचे आठही जिल्हे संभाजीनगरच्या केंद्राकडे, म्हणजे बोलीत ज्याला 'झेडटीसीसी' म्हणतात त्याकडे येतात. कुणाचा अवयव कुणाला, हे दाता दाखल असलेलं रुग्णालय मनानं ठरवत नाही. केंद्राच्या प्रतीक्षायादीनुसार ठरतं.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. छाती हलते ती व्हेंटिलेटर हवा ढकलतो म्हणून. हृदयाला धडधडायला मेंदूचा हुकूम लागत नाही, प्राणवायू मिळाला की ते काही काळ स्वतःच चालतं. मेंदूचा देठ मेला, म्हणजे माणूस ब्रेन डेड झाला, की मात्र श्वास घेण्याची आज्ञाच सुटत नाही, आणि ती परत येत नाही. कोमा वेगळा. कोमात देठ जिवंत असतो. आमचं स्पष्ट मत आहे की हा फरक सांगताना घरच्या एका-दोघांना आत नेऊन तपासण्या दाखवाव्यात, निदान काय-काय केलं ते क्रमानं सांगावं. डोळ्यांत टॉर्च मारला तर बाहुली आकसत नाही. बुबुळाला कापसाचा धागा लावला तर पापणी मिटत नाही. कानात बर्फाचं पाणी सोडलं तर डोळे फिरत नाहीत. नळीतून सक्शनची नळी आत सरकवली तरी ठसका येत नाही. शेवटी अॅप्निया टेस्ट: आधी भरपूर ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर काढून नळीतून फक्त ऑक्सिजन सोडतात आणि साधारण आठ-दहा मिनिटं उघड्या छातीकडं बघत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60 च्या वर गेला तरी छाती एकदाही स्वतःहून उचलली नाही, तर श्वासाचं केंद्र मेलेलं आहे. ही सगळी तपासणी किमान सहा तासांच्या अंतरानं दुसऱ्यांदा करावी लागते. चार डॉक्टरांच्या सह्या लागतात. त्यात प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधलं कुणीही चालत नाही. हे शेवटचं वाक्य नातेवाइकांना आवर्जून सांगितलं पाहिजे, कारण 'अवयवासाठी लवकर मारलं' ही शंका तिथूनच निघते.

आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. मण्यार चावलेला किंवा फवारणीचं औषध पोटात गेलेला रुग्ण हुबेहूब ब्रेन डेड दिसू शकतो. मण्यारीच्या विषानं बाहुल्याही हलेनाशा होतात, हातपाय पडतात, श्वास थांबतो, आणि तोच माणूस काही दिवस व्हेंटिलेटरवर ठेवल्यावर उठून बसू शकतो. म्हणून आधी कारण पक्कं लागतं: सीटी स्कॅनवर दिसणारी डोक्याची जबर इजा किंवा मोठा रक्तस्राव. गुंगीची औषधं उतरलेली, अंगाचं तापमान आणि रक्तदाब पुरेसा असला पाहिजे. कारण नीट माहीत नसताना तपासण्या सुरू झाल्या तर कुटुंबानं थांबवून विचारावं. तो त्यांचा हक्क आहे.

मागणी कशी केली जाते, यावर सगळ्यात जास्त बोलायला हवं. मृत्यूची बातमी आणि दानाची विनंती एकाच दमात आली की घर कोसळतं. चांगली सेवा या दोन्हींत अंतर ठेवते: बातमी उपचार करणारा डॉक्टर देतो, कुटुंबाला रडायला, गावाकडं फोन लावायला वेळ मिळतो, आणि प्रत्यारोपण समन्वयक नंतर येतो. तो बसून बोलतो, कॉरिडॉरमध्ये उभं राहून नाही. पाणी विचारतो. 'तुमच्या मुलाची किडनी' असं न म्हणता मुलाचं नाव घेतो.

इथं आपल्याकडचा घोळ ठरलेला. कायद्यानं संमती जवळच्या नातेवाइकाची: पती-पत्नी, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण, आजी-आजोबा, नातवंडं. प्रत्यक्षात निर्णय थोरले चुलते, मामा, सासरे नाहीतर भावकीतला एखादा जाणता करतो. मोटारसायकलवरून पडलेल्या तिशीतल्या माणसाची बायको कोपऱ्यात बसलेली असते आणि तिला कुणी विचारत नाही. हुशार समन्वयक थोरल्या काकांना मान देतो, पण तिच्याशी स्वतंत्र बोलतो. तिला डावलून घेतलेला होकार दुसऱ्या दिवशी माहेरची माणसं आली की फिरतो. उलट, चुलत्यांना वगळलं तर गावात तोंड दाखवायची पंचाईत होते. दोघंही एकाच खोलीत पाहिजेत. संमती फॉर्म 8 वर होते आणि कोणता अवयव द्यायचा, कोणता नाही, हे कुटुंब ठरवतं. किडनी-लिव्हर दिलं आणि डोळे नाही दिले, तरी चालतं. हे माहीत नसल्यानं सरसकट नकार दिलेली घरं कमी नाहीत. नकार दिला तर पुढं काय, हेही आधीच साध्या शब्दांत सांगायला हवं. नाहीतर विनंती धमकीसारखी वाटते.

वेळेबाबत ही सेवा सगळ्यात जास्त खोटी पडते. 'दोन-तीन तासांत होईल' असं सांगणारा समन्वयक कुटुंबाचा विश्वास कायमचा घालवतो. होकारानंतर रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, क्रॉसमॅच (दात्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त जुळतं का ते बघणं), यादी, बाहेरगावची टीम, मग तीन ते पाच तासांचं ऑपरेशन. एकूण 12 ते 24 तास धरून चला. माती उद्या संध्याकाळी, असाच निरोप गावाकडं द्यावा. हृदय काढल्यापासून साधारण चार तासांत बसवावं लागतं, म्हणून हिंगोली-धाराशिवसारख्या ठिकाणी ते विमानावर अडतं. लिव्हरला बारा तासांच्या आत, किडनीला चोवीस तासांपर्यंत सवड असते, म्हणून रस्त्यानंही जमतं.

या काळात अवयव हातचे जाण्याची कारणं बहुतेक वेळा तीच. मेंदू मेल्यावर लघवी आवरणारं हार्मोन बंद होतं, तासाला अर्धा लिटर लघवी जाऊ लागते, सोडियम चढतं, रक्तदाब कोसळतो. अंग थंड पडतं. तिथं तेच हार्मोन बाहेरून देणारं व्हॅसोप्रेसिन, सलाईन आणि जागता इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूचा तज्ज्ञ डॉक्टर, लागतो. छोट्या रुग्णालयात रक्तातले वायू मोजायचं यंत्र नसतं, म्हणजे अॅप्निया टेस्टच होत नाही. मग हलवाहलव, आणि ती करता-करता हृदय थांबतं. प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयालाही फक्त अवयव काढण्यासाठी नोंदणी करता येते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रत्येक मोठ्या आयसीयूनं ती करावी, एवढी एक गोष्ट झाली तरी पुष्कळ फरक पडेल.

अपघात असेल तर पोलिसांचं प्रकरण असतंच. घरातल्या दोन धडधाकट माणसांना हेच काम द्या: रुग्णालयाच्या चौकीला कळवणं, आधार कार्ड, अपघाताच्या जागेचं ठाणं, पंचनामा. पोस्टमॉर्टेम टाळता येत नाही, पण ते अवयव काढतानाच त्याच ठिकाणी उरकता येतं. नोव्हेंबर 2021 पासून अवयवदानासाठी सूर्यास्तानंतरही पोस्टमॉर्टेमला परवानगी आहे. खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू यांना ती सवलत सहसा नाही.

पैशांबाबत नियम स्वच्छ आहे: संमतीनंतर दात्याला सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा आणि नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. त्याआधीचं बिल मात्र कुटुंबाचंच. वाद इथं होतो, कारण रेषा कुठं ओढली ते कुणी लिहून देत नाही. बिलिंग काउंटरवरून संमतीची तारीख आणि वेळ टाकलेलं आधीचं बिल मागून घ्या. मेडिकलच्या पावत्याही त्याच वेळी बंद करा. शववाहिका कोण देणार, हे तोंडी ठेवू नका. नांदेडपर्यंतचा प्रवास लहान नाही.

मृतदेहाबद्दलची भीती बायका बोलून दाखवतात, पुरुष मनात ठेवतात. खरी गोष्ट अशी की ऑपरेशननंतर गळ्याच्या खालपासून ओटीपोटापर्यंत एक सरळ टाक्यांची रेघ राहते, वर पट्टी असते. चेहरा तसाच राहतो. अंघोळ घालता येते, नवे कपडे घालता येतात, अंत्यदर्शन होतं. दफन असो की दहन, अडचण येत नाही.

आता नोंदणीची सेवा. 'नोटो' या केंद्र सरकारच्या अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या संकेतस्थळावर आधार आणि मोबाइलच्या ओटीपीनं संकल्प नोंदवता येतो, काही मिनिटांत प्रमाणपत्र मिळतं. ही सोय सप्टेंबर 2023 पासून आहे आणि चांगली चालते. शंका विचारायला 1800-11-4770 हा टोल फ्री क्रमांक आहे. पण प्रमाणपत्र पाकिटात आणि घरात कुणालाच पत्ता नाही, तर उपयोग शून्य, कारण आपल्याकडं शेवटी घरच्यांना विचारलंच जातं. जेवताना एकदा स्पष्ट सांगून ठेवणं हे त्या कार्डापेक्षा जास्त कामाला येतं. दुसरा गोंधळ देहदानाचा. देहदानाचा फॉर्म भरला म्हणजे अवयवदानही झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. अवयव काढलेला किंवा पोस्टमॉर्टेम झालेला देह मेडिकल कॉलेज सहसा स्वीकारत नाही. नेत्रदान मात्र दोन्हींसोबत चालतं.

सगळ्यात कच्चा भाग नंतरचा. कुणाला अवयव मिळाला ते नाव सांगत नाहीत, ते योग्यच आहे. पण 'किडनी लागली का, पेशंट घरी गेला का' एवढं तरी तेराव्याच्या आत फोन करून सांगायला काय हरकत आहे? त्या घरातली आई रोज तेच विचारत असते. ज्या समन्वयकांना हे सुचतं ते सोन्यासारखे. बाकीच्या ठिकाणी मृत्यूचा दाखला आणायलासुद्धा चार हेलपाटे पडतात.

ब्रेन डेड होणं मुळातच क्वचित घडतं, बहुतेक मरण घरी नाहीतर वॉर्डात येतं. तिथं नेत्रदान शक्य आहे. वेळ सहा तास. पापण्या मिटवा, त्यावर ओल्या कापसाची घडी ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं वर ठेवा आणि जवळच्या नेत्रपेढीला लगेच फोन लावा. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, साखर, वय, काही आडवं येत नाही. टीम घरी येते, काम पंधरा-वीस मिनिटांचं असतं, आणि तोवर अंगणात पाणी तापत असतं.