रॅलेचा ऑक्टोबर : स्टेट फेअर की डाउनटाउनचं गाणं?

ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या रॅले-कॅरी भागातल्या मराठी घरांना शनिवार-रविवार पुरत नाहीत. भोंडला, मंडळाचा कार्यक्रम, मुलांचं सॉकर, फराळाची तयारी. यातून एखादा दिवस मोकळा सापडला आणि भारतातून आई-बाबा आलेले असले, की प्रश्न येतो : या गावचं स्वतःचं असं काय दाखवायचं? कॅरीत कोका बूथ ॲम्फिथिएटरला होणारी ‘हम सब’ या संस्थेची दिवाळी मी या हिशेबात धरत नाही. तिथे आपण जातोच, आणि दिवाळी आई-बाबा घरूनच घेऊन आलेले असतात.

मग उरतात दोन गोष्टी. महिन्याच्या मध्याला अकरा दिवस चालणारं नॉर्थ कॅरोलिना स्टेट फेअर, म्हणजे शेती, गुरं आणि पाळण्यांची राज्याची जत्रा, किंवा फेएटव्हिल स्ट्रीट गाड्यांना बंद करून भरणारा डाउनटाउनचा संगीतोत्सव. तारखा सहसा वेगळ्या असतात, त्यामुळे दोन्ही जमेल त्यांनी दोन्ही करावं. बहुतेकांना एकच जमतं.

आधी डाउनटाउन. ब्लूग्रास म्हणजे तंतुवाद्यांवरचं, लोकसंगीताच्या वळणाचं अमेरिकन संगीत. इंटरनॅशनल ब्लूग्रास म्युझिक असोसिएशनचा वार्षिक मेळावा २०१३ ते २०२४ रॅलेत भरत असे. आता तो टेनेसीतल्या चॅटनूगाला गेला आणि २०२५ पासून शहराने ‘रॅले वाइड ओपन’ नावाने स्वतःचा उत्सव सुरू केला. त्यात ब्लूग्रासबरोबर इतर संगीतही असतं. रस्त्यावरचं गाणं ऐकायला तिकीट नाही. एका टोकाला जुनं कॅपिटॉल म्हणजे विधानभवन, दुसऱ्या टोकाला परफॉर्मिंग आर्ट्‌स सेंटर, आणि मधल्या रस्त्यात सगळं शहर पायी फिरत असतं. एरवी गाडीतूनच दिसणारं हे गाव त्या दिवशी चालत पाहता येतं, आणि आई-बाबांना ते फार आवडतं. खाण्याच्या बाबतीतही डाउनटाउन पुढे आहे. शाकाहारी माणसाला फूड ट्रकच्या रांगेत काहीतरी चांगलं मिळतंच, आणि नाही मिळालं तर चार पावलांवर हॉटेलं आहेत. फेअरमध्ये भाजलेलं कणीस, रताळ्याचे फ्राइज आणि सायडर यांवर दिवस काढावा लागतो. बाकीचं बरंचसं डुकराचं मांस नाहीतर साखर घोळलेलं तळण असतं.

इथपर्यंत वाचून कुणीही डाउनटाउनच निवडेल. मी का निवडलं नाही, ते सांगतो.

ब्लूग्रासवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि या राज्यात राहून ते जडणं साहजिक आहे. बँजोवादक अर्ल स्क्रग्ज इथल्याच क्लीव्हलँड काउंटीचा. १९४५ च्या शेवटी तो ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मनरोच्या वाद्यवृंदात गेला आणि त्याच्या तीन बोटांच्या वादनाने बँजोचं रूपच पालटलं. ते वाद्य मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर इथे आलं. बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिन), मँडोलिन, गिटार आणि उभा बास, ढोल-ताशा काही नाही. पूर्वी सगळे एकाच माइकभोवती उभे राहायचे. ज्याची पाळी तो पुढे सरकायचा, वाजवून झालं की मागे व्हायचा. मँडोलिनवाला ठेक्याला जो छोटासा आघात देतो, तो ऐकू आला तरच गाणं उभं राहतं.

रस्त्यावर नेमकं तेच हरवतं. दोन्ही बाजूंना उंच इमारती, आणि थोड्या थोड्या अंतरावर एकेक मंच. मंचापासून जरा मागे सरकलं की पुढच्या चौकातला ड्रम काचांवर आपटून कानात येतो. लक्ष्मी रोडवर दोन मंडळांच्या स्पीकरच्या भिंती समोरासमोर आल्या की जे होतं, त्याचीच ही सौम्य आवृत्ती. त्यावर उपाय म्हणजे मंचाला चिकटून उभं राहणं. पण तिथे गर्दी असते, बसायला जागा नसते आणि पायाखाली तापलेलं डांबर असतं. सत्तरीच्या माणसाला तीन गाण्यांनंतर ते सोसत नाही. घडीच्या खुर्च्या नेता येतात, पण पार्किंगपासून त्या उचलून आणायच्या आणि मंच बदलला की पुन्हा उचलायच्या. एक फिडलवाली संथ लयीतलं जुनं गाणं वाजवत होती. बाबा डोळे मिटून ऐकत होते आणि मागून दुसऱ्याच गाण्याचा ठेका येत होता. त्यांनी डोळे उघडले आणि “चला, पुढे जाऊ” म्हणाले. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. यात कुणाची चूक आहे असं मला वाटत नाही, रस्ताच तसा आहे. हातात पेय घेऊन रमतगमत फिरणाऱ्याला हे खटकणारही नाही कदाचित.

फेअरमध्ये संगीत हे मुख्य आकर्षण नाही, आणि मजा अशी की ते तिथेच नीट ऐकू येतं. हेरिटेज सर्कल नावाचा एक कोपरा आहे. लाकडी ओंडक्यांची घरं, लोहाराचा भाता, मक्याची गिरणी. गिरणीपाशी मक्याच्या पिठाचे गरम तळलेले गोळे, म्हणजे हशपपीज, चाखायला देतात (अंडं चालत नसेल तर आधी विचारून घ्या). त्याच बाजूला लोकसंगीत आणि क्लॉगिंगचा, म्हणजे बुटांनी ठेका धरण्याचा, नाच चालतो. मिडवेचा, म्हणजे पाळणे आणि खेळ असतात त्या भागाचा, गोंगाट इथवर येतो, पण अंगावर येत नाही. समोर बसून बँजो ऐकता येतो.

बाबा मात्र रमले तंबाखूच्या भट्टीपाशी. आमचं गाव निपाणीच्या बाजूचं, त्यामुळे तंबाखू त्यांनी लहानपणापासून पाहिलेला, पण तो बिडीचा, उन्हात वाळवलेला. इथे बंद लाकडी कोठारात पानं काठ्यांना बांधून टांगतात आणि धूर लागू न देता उष्णतेवर पिवळी करतात. १८३९ मध्ये कॅसवेल काउंटीत स्टीफन नावाच्या गुलाम लोहाराने विझत आलेल्या आगीवर कोळसा टाकला आणि पानं सोन्यासारखी पिवळी झाली, असं सांगतात. या राज्याची पुढची श्रीमंती त्या पिवळ्या पानावर उभी राहिली. बाबांनी तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला हाताच्या खुणांनी पान कसं खुडतात ते दाखवलं, त्यानेही आपली रीत दाखवली. मी दुभाषा म्हणून उभा होतो, पण माझी फारशी गरज पडली नाही.

आई गाई, शेळ्या, ससे आणि कोंबड्यांच्या गोठ्यांतून हलायला तयार नव्हती. विणकर, कुंभार आणि लाकूड कोरणारे समोर बसून काम करतात ते ‘व्हिलेज ऑफ यस्टरइयर’ही तिला डाउनटाउनच्या कोणत्याही दुकानापेक्षा आवडलं.

आणि फेअरच्या आवारातलं डॉर्टन अरिना बघाच. एकमेकींना छेदून बाहेरच्या बाजूंना कललेल्या दोन काँक्रीटच्या कमानी आणि त्यांच्यामध्ये तारांवर ताणलेलं खोगिरासारखं छप्पर. आराखडा मॅच्यू नोवित्स्की या पोलिश वास्तुकाराचा. तो इथल्या स्टेट कॉलेजात वास्तुकला विभागाचा प्रमुख होता आणि त्याच सुमारास चंदीगडच्या नगररचनेवरही काम करत होता. १९५० च्या ऑगस्टमध्ये भारतातून परतताना त्याचं विमान इजिप्तमध्ये कोसळलं. ही इमारत १९५२ मध्ये पुरी झाली, ती त्याने पाहिली नाही. चंदीगडचं काम पुढे ल कॉर्बुझिएकडे गेलं. भारतातून आलेल्या माणसाला ही गोष्ट त्या छपराखाली उभं राहून सांगण्यासारखी आहे.

फेअरचेही त्रास आहेत, ते लपवत नाही. शनिवारी संध्याकाळी गर्दीत खांद्याला खांदा लागतो. तळणाचा वास कपड्यांतून दोन धुण्यांनंतर जातो. पार्किंगमधून बाहेर पडून ब्लू रिज रोडला लागेपर्यंत जीव कंटाळतो. मुलं असतील तर पाळण्यांची वेगळी तिकिटं खिसा बऱ्यापैकी हलका करतात. पण यातलं बरंचसं मंगळवार-बुधवारी सकाळी गेलं की सुटतं. डाउनटाउनचा उत्सव दोनच दिवसांचा, तिथे असा पर्याय नाही. मधल्या वारी शाळा बुडते किंवा रजा टाकावी लागते हे खरं, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांनी डाउनटाउनला जाण्यात काही वावगं नाही. तसं असेल तर दुपारी लवकर पोहोचा आणि रस्त्याच्या मधल्या मंचांऐवजी टोकाचा मंच धरा. तिथे निदान एका बाजूने आवाज येत नाही.

फेअर ठरवलंत तर तिकिटं आधी काढा, स्वस्त पडतात. पासष्ट आणि त्यापुढच्यांना प्रवेश फुकट आहे, आई-बाबांचं वय दाखवणारं काही तरी बरोबर ठेवा. सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तो हातात घेऊन फिरावा लागतो. आत शिरल्यावर मुलं मिडवेकडे ओढतील, पण आधी हेरिटेज सर्कलला जा. पाळणे रात्रीपर्यंत फिरत असतात.