ऑनलाइन बुद्धिबळ लीग: साखळी की स्विस?

ऑनलाइन लीग सुरू करायची ठरली की वेळ किती ठेवायची, रेटिंग कुठलं धरायचं, यावर ग्रुपवर दोन-दोन दिवस चर्चा होते. साखळी (प्रत्येकाचा प्रत्येकाशी डाव) की स्विस (ठरलेल्या मोजक्या फेऱ्या, प्रत्येक फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या) हा प्रश्न मात्र ‘ते बघू नंतर’ म्हणून बाजूला पडतो. आमच्या कॉलेजच्या ग्रुपची लीग मी तीन हंगाम चालवली, पहिले दोन साखळीने आणि तिसरा स्विसने. नियमावलीतला सगळ्यात वजनदार निर्णय हाच, असं माझं मत झालं आहे. तुमच्याकडची माणसं वेगळी असतील, त्यामुळे माझा अनुभव जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.

आधी साखळीची बाजू. प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळतो, त्यामुळे ‘त्याला सोपे प्रतिस्पर्धी मिळाले’ ही तक्रारच उरत नाही. कँडिडेट्स स्पर्धा आजही आठ खेळाडूंच्या दुहेरी साखळीने, 14 फेऱ्यांची होते. 2024 मध्ये टोरांटोत गुकेश त्यातूनच जगज्जेतेपदाच्या लढतीला पात्र ठरला. बर्जर तक्ता, म्हणजे साखळीच्या जोड्यांचा तयार तक्ता, घेतला की पूर्ण हंगामाच्या जोड्या आणि कुणाला कुठला रंग, हे पहिल्याच दिवशी हातात येतं. आमच्यासारख्या विखुरलेल्या ग्रुपला याचा मोठा उपयोग होतो. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीतल्या मित्राकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. अशा दोघांना जमेल तेव्हा पुढच्या फेरीचा डावही उरकून घेता येतो. दिवाळीत कुणी गावी जाणार असेल तर तो दोन डाव आधीच खेळून मोकळा होतो. स्विसमध्ये ही सोय नाही. चालू फेरीचा शेवटचा डाव संपल्याशिवाय पुढच्या जोड्या लागत नाहीत, आणि एक डाव रेंगाळला की सगळे खोळंबतात.

इथवर वाचून साखळीच बरी वाटेल. मलाही दोन हंगाम वाटत होती.

दुसऱ्या हंगामात आम्ही बाराजण होतो, म्हणजे 11 फेऱ्या आणि 66 डाव. पाच फेऱ्या झाल्यावर एकाने मेसेजला उत्तर देणंच बंद केलं. घरी आजारपण होतं हे नंतर कळलं, त्याच्यावर माझा राग नाही. पण तक्त्याचं काय करायचं? आम्ही फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, नियम घेतला होता. साखळीत निम्म्यापेक्षा कमी डाव खेळून कुणी बाहेर पडलं तर त्याचे निकाल तक्त्यात दिसतात, पण अंतिम क्रमवारीत धरत नाहीत. निम्मे किंवा जास्त खेळून गेला तर झालेले निकाल कायम राहतात आणि उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांना न खेळता पूर्ण गुण मिळतो. अकराचे निम्मे साडेपाच. तो पाच खेळून थांबला होता.

कोल्हापूरच्या मित्राने चौथ्या फेरीत त्याला हरवलं होतं. हत्ती आणि एका प्याद्याचा शेवट, 74 चालींचा डाव. शेवटच्या वीसेक चाली तो घड्याळात मिनिटभरही शिल्लक नसताना, प्रत्येक चालीला मिळणाऱ्या 20 सेकंदांवर खेळला. मी तो डाव सुरुवातीपासून बघत होतो. तो गुण गेला. उलट पुण्याचा एकजण त्याच गायब झालेल्या खेळाडूकडून दुसऱ्या फेरीत हरला होता, त्याची ती हार पुसली गेली. हंगाम संपला तेव्हा सगळे निकाल धरले तर कोल्हापूरकर 8 आणि पुणेकर साडेसात. नियमाने हिशेब केला तर कोल्हापूरकर 7 आणि पुणेकर साडेसात. जाणाऱ्याने फक्त एक डाव आणखी खेळला असता, अगदी हरला असता, तरी विजेता बदलला असता.

नियम चुकीचा नाही. ज्यांचा डाव झाला आणि ज्यांचा व्हायचा होता, त्यांना एका पातळीवर आणायचं तर काहीतरी रेषा ओढावीच लागते. ती कुठेही ओढली तरी कुणाचा तरी प्रामाणिकपणे खेळलेला डाव तिच्याखाली येतो. संध्याकाळी प्रत्यक्ष हॉलमध्ये बसून खेळताना सहसा कुणी असं मध्येच जात नाही. तीन महिने चालणाऱ्या ऑनलाइन लीगमध्ये मात्र एखादा जाणारच, हे गृहीत धरायला हवं.

स्विसमध्ये हे नुकसान बरंचसं त्या एका फेरीपुरतं राहतं. जो आला नाही त्याच्या प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो, पुढच्या फेरीच्या जोड्यांतून गैरहजराचं नाव काढलं जातं आणि मागचे निकाल जागेवर राहतात. तिसऱ्या हंगामाचे नियम ग्रुपवर टाकले तेव्हा कोल्हापूरकराने एकच विचारलं, “खेळलेला डाव राहणार ना रे?” राहणार होता.

दुसरा फायदा आधी माझ्या लक्षात आला नव्हता. समान गुणांचे खेळाडू समोर येत राहतात, म्हणून सुरुवातीला हरलेल्यालाही पुढे खेळण्यात अर्थ वाटतो. नाशिकचा विदित गुजराथी 2023 च्या ग्रँड स्विसमध्ये पहिलाच डाव हरला आणि 11 पैकी साडेआठ गुण करून तीच स्पर्धा जिंकला. आमच्या साखळीत तळाचे दोघं-तिघं आठव्या फेरीपासून टाळाटाळ करायचे. स्विसच्या सातव्या फेरीत बारापैकी अकरा डाव झाले. तोपर्यंत आम्ही चोवीसजण झालो होतो. साखळी केली असती तर 276 डाव लागले असते, स्विसला 84 पुरले.

स्विसचे त्रास आहेतच, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. समान गुण झाले की क्रम ठरवायला बुकहोल्झ, म्हणजे तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज. ती ज्याच्या विरुद्ध जाते त्याला पटवून सांगणं अवघड असतं, आणि मध्येच सोडून गेलेला प्रतिस्पर्धी इथेही थोडा आडवा येतो. म्हणून आम्ही आधी आपापसातला निकाल बघतो आणि मग सगळ्यात कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळून बुकहोल्झ काढतो. जोड्या हाताने लावायला जाऊ नका. दोघं पुन्हा समोर यायला नकोत, एकच रंग सलग तीनदा यायला नको, बाय (जोडीदार न उरल्याने न खेळता मिळणारा गुण) एकाला दोनदा जायला नको, हे सांभाळता सांभाळता रविवारची रात्र संपते. लिचेससारख्या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर आणि स्विस मॅनेजरसारख्या प्रोग्राममध्ये हे काम मिनिटात होतं.

दहाच्या वर माणसं असतील आणि ती वेगवेगळ्या गावांत असतील, तर मी स्विसच सुचवेन. फेरी सोमवारी सकाळी लावायची आणि रविवारी रात्री नऊला बंद करायची. दोघांनीही वेळ सुचवली नसेल तर दोघांना शून्य. आधी कळवलं तर हंगामात दोनदा अर्ध्या गुणाची सुट्टी, पण शेवटच्या दोन फेऱ्यांत नाही. सलग दोन फेऱ्या न कळवता चुकल्या तर नाव कमी.

सहा-आठ जण असाल, एकमेकांना नीट ओळखत असाल आणि सगळे शेवटपर्यंत टिकतील असा भरवसा असेल, तर साखळीची मजा खरंच वेगळी आहे. तसं असेल तर मध्येच कुणी गेलं तर काय, हे कलम सगळ्यात वर लिहा, त्यात एक आकड्यांचं उदाहरण द्या आणि पहिली चाल व्हायच्या आधी प्रत्येकाकडून ग्रुपवर ‘मान्य’ लिहून घ्या. दुसऱ्या हंगामात आम्ही ते घेतलं नव्हतं.