उघडलं की परत नाही: नकली मेकअपने मला कसं गाठलं

नकली मेकअप म्हटलं की महागड्या ब्रँडची, मूळ किमतीच्या पाव भावात मिळणारी लिपस्टिक आठवते. मला फसवलं ते रोजच्या पाऊचमधल्या साध्या वस्तूंनी. मस्कारा, कॉम्पॅक्ट पावडर आणि एक लिपस्टिक. तिन्ही वस्तू साबण आणि टूथपेस्टच्या शेजारच्या फळीवर मिळतात तशा. एवढ्या स्वस्त वस्तूची नक्कल करून कुणाला काय मिळणार, असं बहुतेकांना वाटतं, आणि नेमकं तेच नकली माल बनवणाऱ्याच्या पथ्यावर पडतं.

त्याचं गणित सोपं आहे. महागडी वस्तू आली की आपण खोका उलटसुलट करून बघतो, अस्सल कसं ओळखायचं याचे व्हिडिओ शोधतो, बिल जपून ठेवतो. स्वस्त मस्काराचा खोका हातात आल्या आल्या कचऱ्यात जातो. दर नगामागे सुटतं कमी, पण खप प्रचंड आणि तक्रार करणारे मोजकेच. शिवाय मूळ किंमतच कमी, त्यामुळे गिऱ्हाईक ओढायला किरकोळ सूट पुरते. माझ्या ऑर्डरवरची सूट अगदी बेताची होती. ‘फारच स्वस्त दिसतंय, सांभाळून’ हा नेहमीचा इशारा इथे लागूच पडत नव्हता.

खरेदी एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून झाली. मालाच्या पानावर ब्रँडचं नाव, कंपनीच्याच जाहिरातीतले फोटो, भरपूर तारे, भरपूर रिव्ह्यू. खाली बारीक अक्षरात विक्रेत्याचं नाव, आणि ते कंपनीचं नव्हतं. अशा बाजारात एकाच पानावर अनेक विक्रेते तोच माल विकतात आणि रिव्ह्यू असतात ते वस्तूचे, विक्रेत्याचे नव्हे. म्हणजे अस्सल माल विकणाऱ्याने कमावलेले तारे नकलीवाल्याच्याही नावापुढे चमकतात. नंतर मी जुने रिव्ह्यू खाली खाली जाऊन वाचले, तर लिपस्टिकच्या पानावर एक बाई केसांच्या तेलाचं तोंडभरून कौतुक करत होत्या. जुनं पान, त्याचे साठलेले तारे तसेच ठेवून त्यावर दुसरीच वस्तू चढवायची, हा या धंद्यातला मुरलेला प्रकार आहे. त्या बाईंचे केस छान झाले असतील, पण त्याचा माझ्या ओठांना काय उपयोग?

पार्सल नीट होतं. खोक्यावर पातळ प्लास्टिकचं आवरणसुद्धा होतं. त्यावर विश्वास ठेवू नका. ते गुंडाळायचं यंत्र कुणालाही विकत मिळतं, आणि कित्येक अस्सल वस्तू अशा आवरणाशिवायच येतात.

पहिली शंका आली ती वासाने. मस्कारा उघडल्यावर ऑइलपेंटसारखा भपका आला. तोच मस्कारा मी वर्षानुवर्षं वापरलेला, त्याला जवळपास वासच नसतो. तरी कंपन्या मधूनमधून फॉर्म्युला बदलतात, तसं काही असेल म्हणून लावला. दुपारपर्यंत त्याची पापुद्र्यांसारखी पूड डोळ्यांखाली सांडायला लागली, संध्याकाळी डोळे चुरचुरले आणि सकाळी पापण्या सुजून जड झाल्या होत्या. डॉक्टरांनी संपर्काने झालेला त्वचादाह असं निदान केलं, डोळ्यांचा सगळा मेकअप बंद करायला सांगितला आणि मस्कारा फेकू नका, पिशवीत बंद करून ठेवा, असंही बजावलं. पुढे या सल्ल्याचा फार उपयोग झाला.

मस्कारा हा त्यातल्या त्यात सगळ्यात धोकादायक का, हेही सांगते. बहुतेक मस्कारांमध्ये पाणी असतं, कांडी रोज पापण्यांना लागून परत त्याच नळीत जाते, आणि आत अंधार नि ओल. जंतूंना आणखी काय हवं! म्हणून त्यात परिरक्षक, म्हणजे माल खराब होऊ न देणारं द्रव्य (प्रिझर्व्हेटिव्ह), घालावंच लागतं आणि अस्सल मस्कारासुद्धा उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांतच टाकून द्यावा म्हणतात. दूषित मस्कारातून स्यूडोमोनस नावाचा जंतू बुबुळावरच्या ओरखड्यात शिरून जखम चिघळल्याची उदाहरणं १९७० च्या दशकापासून वैद्यकीय नोंदींत आहेत. नकली माल बनवणारा परिरक्षक घालतो की नाही, किती घालतो, कुठल्या भांड्यात ढवळतो, हे कोण तपासणार? २०१५ मध्ये लंडन शहराच्या पोलिसांनी लोकांना सावध केलं तेव्हा नकली आयलायनर, मस्कारा, लिपग्लॉस आणि फाउंडेशनमध्ये आर्सेनिक, पारा आणि शिसं सापडल्याचं सांगितलं होतं. नकली अत्तरांत तर मानवी मूत्रसुद्धा. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी छापे घालून सुमारे ७ लाख डॉलरचा नकली मेकअप पकडला, त्याच्या तपासणीत जंतू आणि विष्ठेचे अंश निघाले. हे वाचल्यावर मी पुन्हा एकदा तोंड धुतलं.

पापण्यांची सूज उतरल्यावर उरलेल्या दोन वस्तू दिव्याखाली घेऊन बसले. घरात जुना, संपत आलेला अस्सल कॉम्पॅक्ट होता, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवून बघता आलं. झाकण, आरसा, रंग, अक्षरं, सगळं इतकं हुबेहूब की नुसत्या डोळ्यांना फरक कळेना. फरक निघाला तो घटकांच्या यादीत. ही यादी सहसा कुणी वाचत नाही, बनवणाऱ्यानेही वाचली नव्हती. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. एक टक्क्याच्या खालचे घटक आणि रंगद्रव्यं तेवढी शेवटी कुठल्याही क्रमाने चालतात. दाबून बसवलेल्या पावडरीत सुरुवातीला टाल्क, मायका अशी कोरडी द्रव्यं दिसायला हवीत. माझ्या नव्या कॉम्पॅक्टच्या यादीत पहिलाच घटक होता ‘ॲक्वा’, म्हणजे पाणी. कोरड्या पावडरीत सगळ्यात जास्त पाणी! कुठल्या तरी लिक्विड फाउंडेशनची यादी उचलून जशीच्या तशी छापली होती. शिवाय यादीत आयर्न ऑक्साइडचा पत्ता नाही. त्वचेच्या रंगाची पावडर असेल तर तो पिवळा-तांबूस-तपकिरी रंग बहुतेक वेळा त्यातूनच येतो, आणि यादीत सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे रंगांचे क्रमांक दिसतात. यादीत ते नाहीत आणि पावडर मात्र गव्हाळ, तर तो रंग आला कशातून?

मग बॅच नंबर (एका खेपेत बनलेल्या मालावर कंपनी छापते तो कोड) पाहिले. मस्कारा, कॉम्पॅक्ट आणि लिपस्टिक या तीन वेगळ्या वस्तूंवर एकच लांबलचक नंबर. काही कंपन्यांचे कोड दोन-तीन अक्षरांचे असतात आणि ते फक्त कारखाना, महिना, वर्ष सांगतात, तिथे दोन वस्तूंचे कोड जुळू शकतात. पण लांब कोड तीन निरनिराळ्या वस्तूंवर अक्षर न् अक्षर सारखा असणं जवळजवळ अशक्य. एका साइटवर तो टाकला तर साइट म्हणाली, बरोबर आहे, अमुक महिन्यात बनलेला. इथेच पुष्कळ जण निर्धास्त होतात. या साइट कोडचा साचा ओळखून तारीख सांगतात, वस्तू अस्सल आहे की नाही हे त्यांना कळत नाही. खरा कोड उतरवून घेतला की नकली वस्तूही ‘पास’ होते. बारकोडचं तेच. कॅमेऱ्याने स्कॅन केल्यावर वस्तूचं बरोबर नाव येतं, कारण चित्रच चोरलेलं असतं. मी मूळ कंपनीला फोटोंसह लिहिलं. उत्तर आलं की नंबर आमचाच आहे, पण तो एका फेसवॉशचा.

आता फसवणुकीचा खरा गाभा. विक्रेत्याला लिहिलं तर तयार मजकूर आला: ‘मॅडम, सील उघडलेलं आहे, हायजीनच्या कारणाने रिटर्न होत नाही.’ या नियमात वरवर पाहता काही वावगं नाही. दुसऱ्याने वापरलेला मस्कारा मलाही नकोच असेल. पण उघडल्याशिवाय वस्तू नकली आहे हे कळत नाही, आणि उघडली की ती परत जात नाही. ग्राहकाच्या आरोग्यासाठी केलेला नियम नकली विकणाऱ्याची ढाल होऊन बसतो. म्हणून परतीच्या अर्जात ‘आवडलं नाही’, ‘रंग जुळला नाही’ असली कारणं कधीही निवडू नका, तिथे तुम्ही हरलाच. ‘नकली माल’ किंवा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हाच पर्याय घ्या. त्याची वाट वेगळी असते आणि उघडलेपणाचा नियम तिथे बहुधा आड येत नाही.

मी तेच केलं आणि सोबत पानावर फोटोंसह रिव्ह्यूही टाकला. विक्रेत्याचा सूर लगेच बदलला. रिव्ह्यू काढा, अर्धे पैसे देतो. मग पूर्ण देतो, वर एक गिफ्ट. नाही म्हटल्यावर काही दिवसांत ते दुकानच गायब झालं आणि तेच फोटो दुसऱ्या नावाखाली दिसायला लागले. फोटोच्या कोपऱ्यातला बोटाचा ठसासुद्धा तोच.

मध्येच आणखी एक सापळा लागला. वैतागून मी सोशल मीडियावर बाजाराला टॅग करून तक्रार लिहिली होती. अर्ध्या तासात ‘ग्राहक सेवा’ नावाच्या खात्यावरून अत्यंत नम्र मेसेज: गैरसोयीबद्दल क्षमस्व, रिफंड लगेच जमा करतो, या लिंकवर कार्डाचा तपशील भरा आणि आलेला ओटीपी कळवा. लोगो तंतोतंत. खातं मात्र त्याच आठवड्यात उघडलेलं, फॉलोअर जेमतेम मूठभर. पैसे देण्यासाठी ओटीपी लागतो, घेण्यासाठी नाही. एकदा फसलेला माणूस घाईत असतो, उघड्यावर तक्रार करतो, आणि ही मंडळी अशाच तक्रारी शोधत फिरतात. मला तर पहिल्यापेक्षा हे जास्त संतापजनक वाटलं.

पैसे शेवटी परत आले ते बँकेमुळे. कार्डाने भरलेल्या रकमेवर हरकत नोंदवता येते, पण त्याला मुदत असते, म्हणून विक्रेत्याच्या ‘दोन दिवसांत बघतो’वर वेळ घालवू नये. मी जोडलं काय काय: मालाच्या पानाचा स्क्रीनशॉट, दोन्ही कॉम्पॅक्टच्या याद्यांचे फोटो शेजारी शेजारी, तीन वस्तूंवरचा तो एकच नंबर, डॉक्टरांची चिठ्ठी आणि कंपनीचं फेसवॉशवालं उत्तर. त्या उत्तराने काम झालं असं मला वाटतं. माल पोचल्यावर पैसे रोखीने दिले असते तर ही वाटच नव्हती.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. चेहऱ्यावर पुरळ उठलं म्हणजे वस्तू नकलीच, असं नाही. अस्सल मेकअपमधल्या सुगंधी द्रव्यांची किंवा परिरक्षकाचीही ॲलर्जी येऊ शकते, आणि कंपनी डबी बदलते तेव्हा अस्सल वस्तूही परकी दिसते. आणि माझ्या बाबतीत त्रास दिला तो मस्काराने. कॉम्पॅक्ट आणि लिपस्टिकने त्वचेला काहीच केलं नाही, तरी दोन्ही नकलीच होत्या. त्रास झाला नाही म्हणून माल चांगला, हे अनुमानही तितकंच फसवं.

आता मी डोळ्यांना आणि ओठांना लागणारी वस्तू कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून किंवा जिथे माल थेट कंपनीकडून येतो अशाच ठिकाणाहून घेते. काजळ, मस्कारा, आयलायनर, लिपस्टिक यांत तडजोड नाही. ब्रश, स्पंज, पाऊच खुशाल कुठूनही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढते, त्यात पत्त्याची चिठ्ठी आणि खोक्यावरचा बॅच नंबर दिसेल असा. खोक्यावरचा आणि आतल्या वस्तूवरचा नंबर जुळतो का, हे आवरण फाडण्याआधी कळत नाही, पण व्हिडिओ चालू असतानाच कळलेलं बरं. उघड्या डबीचं ते छोटं चित्र, ज्यात ‘६ एम’ किंवा ‘१२ एम’ लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यावर किती महिने वापरायचं, तेही बघते. माझ्या नकली मस्कारावर ‘३६ एम’ होतं. तीन वर्षं एकच मस्कारा वापरा, असं कुठलीही शुद्धीवरची कंपनी सांगणार नाही.

आणि संपलेल्या डब्या कचऱ्यात टाकताना त्या तशाच टाकू नका. रिकाम्या अस्सल डब्या, बाटल्या गोळा करून त्यांत वाट्टेल ते भरायचं आणि नवा माल म्हणून विकायचं, हाही एक धंदा आहे. अशा डबीवरचा बॅच नंबर खरा, छपाई खरी, घटकांची यादीही खरी, त्यामुळे वर सांगितलेली, डबीवर वाचून ओळखायची एकही खूण तिथे चालत नाही. मी लेबल खरवडते, पंपाची नळी कापते आणि कॉम्पॅक्टचं झाकण बिजागरीतून मोडून टाकते.