सान्तो, ब्लू डेमन की मिल मास्करास: सुरुवात कुणापासून करावी?

मेक्सिकोच्या मुखवटाधारी मल्लांचे सिनेमे बघायचे म्हटलं की ही तीन नावं पुढे येतात. तिघांची जातकुळी वेगळी, त्यामुळे पहिला सिनेमा चुकला तर पुढचं सगळंच राहून जातं.

चंदेरी मुखवट्याच्या सान्तोचे पन्नासहून जास्त सिनेमे आहेत. त्यातले क्युबात चित्रित झालेले पहिले दोन आधी बघू नका, त्यांत तो दुय्यम भूमिकेत आहे. १९६२चा 'सान्तो कोंत्रा लास मुखेरेस बाम्पीरो' घ्या. कृष्णधवल, पडका वाडा, शवपेट्यांतून उठणाऱ्या रक्तपिपासू बायका, आणि अभिनेत्री लोरेना वेलास्केसचा दरारा. सान्तो यायला बराच वेळ लागतो, तेवढा धीर धरा. आखाड्यात त्याच्यासमोर प्रतिस्पर्ध्याच्या जागी भलताच कुणीतरी उतरतो. झटापटीत त्याचा मुखवटा निघतो आणि आतून लांडग्याचं केसाळ तोंड बाहेर येतं! या एका प्रसंगात कुस्ती आणि भुताटकी अशी एकजीव होते की सान्तो देशाचा लाडका का झाला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण कुस्तीतलं वैर बघायचं असेल, तर माझं मत ब्लू डेमनला. नोव्हेंबर १९५२मध्ये सान्तोनं ब्लॅक शॅडोला हरवून त्याचा मुखवटा उतरवला. हा ब्लॅक शॅडो म्हणजे डेमनचा आखाड्यातला जोडीदार. पणाला लावलेला मुखवटा गेला की चेहरा आणि खरं नाव जगजाहीर होतं, आणि तो मुखवटा पुन्हा चढवता येत नाही. डेमननं १९५३मध्ये सान्तोला हरवून वेल्टरवेट या वजनगटाचा जागतिक किताब हिसकावला. पुढे दोघं पडद्यावर मित्र झाले, तरी 'सान्तो इ ब्लू डेमन कोंत्रा लोस मोन्स्त्रुओस'मध्ये डेमनचा दुष्ट तोतया सान्तोवर तुटून पडतो, तेव्हा त्या मारामारीला जुन्या हिशेबाची धार येते. डेमनच्या एकट्याच्या सिनेमांत कथा पातळ आहे, पण त्याचा निळा मुखवटा आणि भक्कम कुस्ती मला कधीच कंटाळवाणी वाटली नाही.

मिल मास्करास १९६५मध्ये आखाड्यात आला. सतत नवा मुखवटा, कपाळावर ठळक 'एम', पीळदार शरीर आणि दोरांवरून झेपावणं. त्याच्या बाबतीत सिनेमे मागे ठेवा आणि सत्तरच्या दशकातल्या जपानमधल्या कुस्त्या शोधा. तिथे तो खरा खुलतो.

तिघं एकत्र हवेत म्हणून थेट १९७२चा 'लास मोमियास दे ग्वानाख्वातो' लावण्याचा मोह होतो. तो तिसरा बघा. त्यात जवळजवळ सगळा सिनेमा डेमन आणि मास्करास ममींशी झुंजतात, सान्तो शेवटी गाडीतून येतो, आग ओकणारी पिस्तुलं काढतो आणि विजय त्याच्या नावावर लागतो. डेमनची आधीची कहाणी माहीत असेल तरच त्याच्या बाजूनं तुमचा जीव जळेल.